एक्केचाळीस-बेचाळीसच्या मधात

पिपरटोल्याच्या शिवारातून विजेची मोठी लाईन जाते. वारासिवनीकडून येते, भाताच्या बांध्या ओलांडते आणि खैरलांजीच्या अंगाला निघून जाते. खांबांवर पांढऱ्या रंगाने आकडे लिहिले आहेत. त्यातले तेवीसपासून अठ्ठावन्नपर्यंतचे खांब टिकारामचे. मालकीचे नव्हेत, पहाऱ्याचे म्हणा, सेवेचे म्हणा. रोज दिवस उगवायच्या बेताला या तारांखालून चालत जायचे, धडकून एखादे पाखरू पडले आहे का ते बघायचे, पडले असेल तर हात न लावता मोबाइलने फोटो काढायचा आणि घरी येऊन कागद भरायचा. तारीख, धुके होते की नव्हते, कोणते पक्षी लाईन ओलांडून गेले, तारेवरून गेले की खालून. शेवटचा रकाना मेलेल्या पक्ष्यांचा. काही नसेल तर तिथे ‘निरंक’ लिहायचे.

चौदा महिने झाले, टिकारामने त्या रकान्यात निरंकाशिवाय दुसरा शब्द लिहिला नव्हता.

हे काम त्याच्या अंगावर आले ते बायकोमुळे. बालाघाटच्या एका संस्थेची नूतन नावाची पोर गावात माणूस शोधत आली, तेव्हा रुख्माबाई ओट्यावर मेथी निवडत होती. नवऱ्याला विचारायच्या आतच तिने सांगून टाकले, “याईचं नाव लिही बाई. नाईतरी सकाळी जोडी बोलली तरी हे खाटेवरून हालत नाईत.”

जोडी म्हणजे सारसांची. भैयालालच्या बांधीत वर्षानुवर्षे एक सारसजोडी राहायची. माणसाच्या खांद्याला लागतील इतके उंच पक्षी, राखाडी अंग, लाल मान. गावात नवे लग्न झाले की नवरा-नवरीला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे करून त्यांचे दर्शन घडवतात. हात जोडायचे आणि मनात म्हणायचे, आम्हीही असेच राहू. पहाटे दोघे माना वर करून बोलत. नर एक लांब हाक घाली, आणि ती विरायच्या आत मादी दोन आखूड हाकांनी ती उचलून घेई. कीर्तनात महाराज चरण सोडतात आणि टाळकरी धरतात ना, अगदी तसे. टिकाराम चाळीस वर्षांचा टाळकरी. त्याला हे कोणी समजावून सांगावे लागले नव्हते.

हाक ऐकू आली की रुख्माबाई म्हणायची, “उठा जी, जोडी बोलली.”

“हौ, उठलो,” टिकाराम म्हणायचा आणि गोधडी डोक्यावरून ओढून घ्यायचा. मग चुलीचा धूर यायचा, बांगड्या वाजायच्या, चहाची गंजी उतरायची, आणि दुसऱ्यांदा जी हाक यायची ती सारसाची नसायची.

रुख्माबाईला जाऊन आता वर्ष होत आले होते.

ती गेली त्याच दिवसांत बांधीतली मादीही दिसेनाशी झाली. कोणी म्हणाले नदीपलीकडे गेली, कोणी म्हणाले कुत्र्यांनी ओढली. टिकाराम काहीच म्हणाला नाही. नर मात्र गेला नाही. उन्हाळाभर, पावसाळाभर तो एकटा हाक घालायचा. हाक संपली की थांबायचा. मादीच्या दोन हाका जेवढ्या वेळात बसतील तेवढीच जागा रिकामी सोडायचा आणि मग पुन्हा सुरुवात करायचा. खाटेवर जागाच पडलेल्या टिकारामला ती रिकामी जागा हाकेपेक्षा मोठी ऐकू यायची.

मग दिवाळीनंतर एक दिवस ती जागा भरली. कुठून तरी दुसरी मादी आली होती. खरे सांगायचे तर टिकारामला राग आला. नराचा आला, तिचा त्याहून जास्त आला. चार दिवस त्याने कागदावर ‘सारस दोन’ असे लिहिलेच नाही, एकच लिहिला.

पण मार्गशीर्षातल्या त्या सकाळी काय झाले ते बघा. धुके असे होते की चाळिसाव्या खांबाखाली उभे राहिले तर एक्केचाळिसावा दिसत नव्हता. नदीकडून पंखांचा आवाज आला. पुढे नर होता. त्याला ही वाट पाठ होती. तो तारेच्या बराच वरून गेला. मागून नवी मादी आली, खालून, सरळ, मान लांब करून. टिकारामच्या हातातली काठी गळून पडली. “हट माय! हट, हट!” तो ओरडला. एवढ्या मोठ्याने तो वर्षभरात ओरडला नव्हता. मादीने पंख फाकवले, पाय पुढे टाकले, आणि तार तिच्या पोटाखालून कशीबशी निसटली. थरथरत राहिली ती तार.

एक्केचाळीस-बेचाळीसच्या मधातच. तिथेच.

घरी येऊन त्याने कागद भरला. मेलेले पक्षी : निरंक.

दुपारी नूतन स्कूटीवरून आली. तोंडाला स्कार्फ, हात गारठलेले.

“काका, पहिले चाय पिलाओ. फिर खबर सांगते. एकदम बढिया खबर.”

“सांग नं बाई. चहा काय, होते.”

“चकत्या मंजूर झाल्या!” तिने पिशवीतून तळहाताएवढी एक चकती काढली. मधे खिळीवर बसवलेली. फुंकर मारली की गरगर फिरायची आणि चमकायची. “ह्या तारेला लटकवायच्या. पाखरांना दूरून तार दिसते. परवा लाईनमन पवनभाऊ लाईन बंद करून वर चढणार आहेत. एकच दिवस मिळाला आहे, त्यानंतर सीधा पुढच्या साली.”

“आपल्या इथं कुठं लावून राह्यले?”

नूतनने कागद उघडला. लालबर्ऱ्याकडचे चार गाळे होते, खैरलांजीच्या पुढचे दोन. दोन खांबांमधल्या तारेला ती गाळा म्हणायची.

“अन् आमच्या एक्केचाळीस-बेचाळीसच्या मधात?”

“वहाँ तो निरंक है ना काका. जिथं मौत लिहिली आहे तिथंच लावणार. तुमची लाईन तर सबसे सेफ. मी सगळ्यांना तुमचंच रजिस्टर दाखवते, बघा, एक भी महिना खाली नाही.”

“आज सकाळी नवी मादी इतक्यानं वाचली.” टिकारामने दोन बोटे दाखवली.

“फोटो?”

“धुक्यात कायचा फोटो काढू?”

नूतनचा चेहरा उतरला. पोर मनाची चांगली होती. “वाचली, याचा रकाना नाही काका. मी काय करू? उद्या दुपारी लिस्ट द्यायची आहे. पुरानं काही असेल, हड्डी, पीस, तर दाखवा. नाहीतर ऑफिस मानत नाही.”

चहा उतू गेला. टिकारामला गंजी कधी उतरवायची ते अजून जमत नव्हते.

त्या संध्याकाळी मारुतीच्या देवळात सप्ताहाचा पाचवा दिवस होता. कीर्तनाला वारासिवनीचे दुलीचंद महाराज उभे होते. गोड गळ्याचा माणूस, आणि तितकाच फटकळ. भैयालाल मृदंगावर. टिकाराम आपल्या जागेवर, डाव्या हाताचा दुसरा. समोरच्या खांबाशी रुख्माबाई बसायची. टाळ चुकला की ती तिथूनच डोळे मोठे करायची. आता त्या खांबाशी कोणाची तरी चपलांची पिशवी ठेवलेली होती.

महाराजांनी चरण वर नेला, भरपूर वर, आणि वरच सोडून दिला. धरायचा टिकारामने. त्याने धरला नाही. त्याला ऐकूच आला नव्हता. त्याच्या कानात तार थरथरत होती. क्षणभर देवळात काहीच वाजले नाही. मृदंगावर भैयालालचा हात तसाच अधांतरी राहिला.

“टिकारामबुवा,” महाराज उपरणे सावरत म्हणाले, “मी सोडतो ते तुमी धरा लागते. मी एकटाच गाईन तं त्याले कीर्तन म्हणत नाई, रडणं म्हणते.”

माणसे हसली. भैयालालने पुस्ती जोडली, “त्याईचं ध्यान तारीवर राह्यते महाराज, टाळीवर नाई.” पुन्हा हसली. टिकारामही हसला आणि पुढचा चरण त्याने नीट धरला. पण त्याच्या डोळ्यांना जे पाणी आले ते कीर्तनाचे नव्हते, हे त्याला आणि समोरच्या खांबाला ठाऊक होते.

कारण टिकारामच्या रजिस्टरातल्या शेवटच्या रकान्यात एक दिवस खोटा होता.

मागच्या मार्गशीर्षात रुख्माबाईला गोंदियाच्या दवाखान्यात नेले होते. पोटात गाठ होती. ऑपरेशनच्या आधी नर्सबाईंनी तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या काढून रुमालात बांधून त्याच्याकडे दिल्या. उघडे मनगट बघून रुख्माबाई स्वतःच लाजली. मग म्हणाली, “तुमी घरी जाऊन या जी. बैलाले पाहा. अन् लाईन पाहून या, कागद कोरा राहील.”

दुसऱ्या दिवशी पहाटे तो तिच्या शब्दाखातर लाईनीवर गेला, तर एक्केचाळीस आणि बेचाळीसच्या मधात मादी पडलेली होती. मान मुडपलेली, पंख पसरलेला, दवाने भिजलेला. नर दहा पावलांवर उभा होता आणि हाक घालत होता.

फोटो काढायचा, हात लावायचा नाही. टिकारामला नियम पाठ होता. पण खिशात रुमालाची गाठ होती, आणि ती गाठ मांडीला टोचत होती. त्याच्या मनात एक गोष्ट आली. देवाला आज एक जोडी मोडायची होती, ती त्याने मोडली. आता तेवढ्यावर भागेल का? विचारून तर बघावे.

त्याने धुऱ्याच्या पोटात खड्डा केला. मादीला उचलले, एवढ्या मोठ्या पक्ष्याचे वजन लेकराएवढेच भरले. तिला नीट निजवले, रुमाल सोडला आणि बांगड्या तिच्या पायाशी ठेवल्या. “घे माय,” तो म्हणाला, “सवाष्णीसारखी जाय. माह्या घरची राहू दे.” मग माती लोटली.

बोललेला नवस फिटेपर्यंत कोणाला सांगायचा नसतो, सांगितला की फळत नाही. हे त्याच्या आईने सांगितले होते आणि आईला तिच्या आईने. आणि तारीख घालून, फोटो लावून कागदावर लिहायचे म्हणजे सांगायचेच झाले की. म्हणून त्याने लिहिले : निरंक.

दवाखान्यात परतल्यावर रुख्माबाईने पहिले तेच विचारले, “जोडी बोलते का जी?”

“हौ,” टिकाराम म्हणाला. “बोलते नं.”

नवव्या दिवशी ती गेली. नवस फिटला नाही, आणि न फिटलेला नवस कोणाला सांगावा, हे आईने सांगितले नव्हते.

सकाळी धुके कालच्याइतकेच होते. टिकारामने लाईन चालून घेतली, कागद भरला, आणि कुदळ घेऊन परत धुऱ्यावर आला. नूतनला त्याने फोन केला होता, नुसते ‘ये’ म्हणून. तिच्या आधी भैयालाल आला, लोटा हातात, कानाला मफलर.

“अबे टिकाराम! माहा धुरा काहून फोडून राह्यला बे?”

“फोडून नाई राह्यलो. उघडून राह्यलो.”

“पाणी भराची वेळ, अन् हा माणूस... धन गाडलं का काय इथं?”

“हौ. तसंच समज.”

भैयालालने आणखी एक टोमणा तयार ठेवला होता, पण टिकारामचा चेहरा बघून तो गिळला. लोटा खाली ठेवून तो उकिडवा बसला आणि हातांनी माती ओढू लागला.

आधी पीस लागले, मातकट, कण्याशी अजून धरून राहिलेले. मग पायाची हाडे, लांबच लांब. नूतन आली तेव्हा दोघे म्हातारे खड्ड्याच्या काठाशी चिखलात गुडघे टेकून बसले होते आणि टिकारामच्या ओंजळीत हिरव्या बांगड्या होत्या. दोन फुटल्या होत्या, बाकीच्या साबूत होत्या. मातीने काचेचा रंग घेतला नव्हता.

“काका, ये क्या है?” नूतन हळूच म्हणाली.

मग टिकारामने सांगितले. रुमाल, खड्डा, बोललेला नवस, दवाखान्यातला ‘हौ’. सगळे सांगितले. सांगताना तो नूतनकडे बघत नव्हता, भैयालालकडेही नाही. खड्ड्याकडे बघत होता. “वर्षभर मले वाटे, लिहिलं नाई म्हणजे झालं नाई. ती मादी तारीच्या खाली पडली असं कागदावर आलं असतं, तं दुसरीही गेली म्हणा लागलं असतं. म्हणून दोघीले बी निरंकात ठेवलं. पण आता ही नवी आली. तिनं माहं काय बिघडवलं?”

भैयालालने मफलरने नाक पुसले. “रुख्मावहिनी असती तं तुले कुदळीनं हाणलं असतं,” तो म्हणाला. “पाखरू मेलं अन् लिहिलं नाई म्हणून.”

“हौ,” टिकाराम म्हणाला. “हाणलंच असतं.”

नूतनने मोबाइल काढला आणि थांबली. “बांगड्या बाजूला करू का फोटोसाठी?”

“राहू दे. ती तशीच गेली.”

तिने फोटो काढले. खड्ड्याचा, हाडांचा, वर ताणलेल्या तारांचा, एक्केचाळिसाच्या आणि बेचाळिसाच्या आकड्याचा. एक पीस कागदी पाकिटात घातले. रजिस्टरातले ते जुने पान काढले, टिकारामकडे पेन दिले. त्याने निरंकावर एक आडवी रेघ मारली. वर लिहिले : सारस, मादी, एक.

“शेरा पण लागतो,” नूतन म्हणाली. “नोंद उशिरा का, ते लिहायचं असतं. क्या लिखूँ?”

टिकारामने जरा विचार केला. “लिही, लिहिणाऱ्याची बायको दवाखान्यात होती.”

नूतनने तेच लिहिले. मग पेन बंद करत, जमिनीकडे बघत म्हणाली, “काका, एक बात है. खोटी नोंद निघाली तर माणूस बदलावा लागतो. नियम आहे. मी सांगून बघेन...”

“सांगू नको. नियम बरोबर आहे.”

हाडे त्यांनी पुन्हा तिथेच ठेवली, पायाशी बांगड्या ठेवल्या. या वेळी माती लोटताना टिकारामने देवाजवळ काही मागितले नाही. नुसते हात जोडले. महाराज सांगतात तसे, मागणे संपल्यावर जे उरते ते नाम. ते त्याने तीनदा घेतले आणि उठला.

पवन दुसऱ्या दिवशी चढला. दिवसभर गावाची लाईट बंद, पिठाची चक्की बंद, पोरे लाईनीखाली जमलेली. एक्केचाळीस ते बेचाळीस तार चकत्यांनी भरली. वारा आला की सगळ्या एकदम फिरायच्या, उन्हात चमचम करायच्या. भैयालाल म्हणाला, “माह्या बांधीवर कोणाची वरात निघाली का काय?”

टिकारामच्या जागी कोण चालणार, हा प्रश्न नूतनला फार पडला नाही. भैयालाल स्वतःच म्हणाला, “मले दे तो मोबाइल. रोज माह्या धुऱ्यावर कोण काय गाडते ते तं पाहतो.” टिकारामने त्याला रकाने समजावून दिले, धुक्याच्या दिवशी कुठे उभे राहायचे ते दाखवले, आणि काठी देऊन टाकली.

तिसऱ्या दिवशी भैयालाल सकाळी अंगणात ओरडतच आला, “वरून गेली बे! आख्खी दोन हात वरून! चकत्या पाह्यल्या अन् अशी उचलली आपल्याले...” आणि त्याने दोन्ही हात पसरून, मफलर उडवत दाखवले. टिकारामने त्याला चहा दिला. तो उतू गेला होता, पण उरला तेवढा भैयालालने बशीत ओतून पिऊन टाकला.

रुख्माबाईच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी टिकारामला नेहमीच्या वेळी जाग आली. धुके कवाडाच्या फटीतून आत येत होते. उठायची सवय होती. त्याने पाय खाली सोडले, मग आठवले की आता जायचे नाही. त्याने पाय परत वर घेतले.

बांधीकडून लांब हाक आली. ती विरत गेली. टिकारामने श्वास धरला. वर्षभर ज्या जागी काही नव्हते ती जागा आली. आणि मग दोन आखूड हाका. आवाज जरा जाड होता, अर्धी मात्रा उशिरा. नव्या टाळकऱ्याचे सुरुवातीला होते तसे. पण तिने धरले.

“हौ, उठलो,” टिकाराम म्हणाला.

आणि गोधडी डोक्यावरून ओढून घेऊन तो चुलीच्या धुराची वाट बघत पडून राहिला.